ऑस्की घ्यायची कशी: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ऑस्की (OSCE) म्हणजे विद्यार्थी ठरावीक वेळेच्या एकामागून एक स्टेशनांवर प्रत्यक्ष काम करतो आणि परीक्षक ते बघून चेकलिस्टवर मार्क देतो ती परीक्षा. आपल्याकडं मेडिकल कॉलेजच्या इंटर्नल परीक्षेत 'ऑस्की घेतली' असं ज्याला म्हणतात ते बऱ्याच वेळा ऑस्की नसतंच. टेबलावर एक एक्स-रे, शेजारी एक इन्स्ट्रुमेंट, त्याच्यापुढं एक ईसीजी, विद्यार्थी पॅड घेऊन फिरतोय, घंटा वाजली की पुढं सरकतोय आणि कागदावर उत्तर लिहितोय. हा स्पॉटर झाला, फक्त घंटा लावलेला. दुसरीकडं लाँग केसमध्ये विद्यार्थी कोपऱ्यातल्या बेडवर अर्धा-पाऊण तास पेशंटसोबत एकटाच असतो, नंतर येऊन सरांना केस सांगतो, सर प्रश्न विचारतात, मार्क देतात. त्यानं लिव्हर खरंच हातानं तपासली का फाईलमध्ये वाचून सांगितली हे कुणी बघितलेलंच नसतं. अशा परीक्षा पास होत होत पोरगं इंटर्नशिपला येतं आणि कॅज्युअल्टीत पहिल्यांदा बीपीचा कफ (दंडाचा पट्टा) बांधताना सिस्टरच्या तोंडाकडं बघतं.

म्हणून हे सगळं लिहायलोय. नव्यानं जॉइन झालेले असिस्टंट प्रोफेसर, सीनियर रेसिडेंट, ज्यांच्या गळ्यात 'तू ऑस्की बघ रे' म्हणून काम पडतं त्यांच्यासाठी. संभाजीनगर, नांदेड, अंबाजोगाई, लातूर इथं निदान मनुष्यबळ तरी मिळतं, पण परभणी, हिंगोली, जालना, धाराशिवसारख्या नव्या कॉलेजात एका डिपार्टमेंटला मोजकीच माणसं असतात, तिथं कसं जमवायचं तेही मधूनमधून सांगतो. पूर्ण लेखात एकच कसोटी धरून चला: प्रत्येक स्टेशनवर विद्यार्थी काहीतरी करताना परीक्षकाला डोळ्यानं दिसला पाहिजे.

टप्पा १: काय तपासायचंय ते आधी कागदावर मांडा

बहुतेक जण सुरुवात इथून करत नाहीत. 'चल, दहा स्टेशन काढ' म्हणून जे सामान कपाटात आहे त्यावर स्टेशन बनतात. कपाटात मॅनिकिन (सरावाचा पुतळा) आहे म्हणून सीपीआर (छाती दाबून जीव वाचवणं), फॉली कॅथेटर (लघवीची नळी) पडलाय म्हणून कॅथेटर. मग दहापैकी सहा स्टेशन प्रोसिजरचे होतात आणि हिस्ट्रीचं (पेशंटला विचारून आजाराची माहिती घ्यायचं) एकही नसतं.

आधी एक तक्ता काढा. उभ्या बाजूला विषय लिहा: हृदय, श्वसन, पोट, मेंदू-नसा, गरोदर बाई, लहान मूल, इमर्जन्सी. आडव्या बाजूला कौशल्यं: हिस्ट्री घेणं, शारीरिक तपासणी, प्रोसिजर, पेशंटला समजावणं, रिपोर्ट वाचून निर्णय घेणं. आता सीबीएमईच्या (कौशल्यांवर आधारलेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमाच्या) यादीतल्या ज्या कॉम्पिटन्सी 'करून दाखवणं' किंवा त्याच्या वरच्या पातळीच्या आहेत त्या या चौकटीत बसवा. ज्या फक्त 'माहिती असणं' पातळीच्या आहेत त्या इथं आणूच नका, त्यांची जागा थिअरी पेपरात.

चौकटी भरताना आपल्या ओपीडीत काय येतं ते बघा. मराठवाड्यातल्या डॉक्टरला फवारणीतून झालेली विषबाधा, सर्पदंश, जुलाबानं सुकलेलं लेकरू, रक्त कमी असलेली गरोदर बाई हे पहिल्याच पोस्टिंगला भेटणार आहे. पुस्तकात एखादा दुर्मिळ सिंड्रोम कितीही रंगवून दिलेला असला तरी त्याला स्टेशन देऊन सर्पदंश सोडणं बरोबर नाही.

तपासून बघा: प्रत्येक स्टेशनपुढं थांबून स्वतःला विचारा, 'हे कागदावर लिहून घेता आलं असतं का?' उत्तर हो आलं तर ते स्टेशन काढा. रिपोर्ट वाचायचं स्टेशन ठेवायचंच असेल तर ते एखाद्या पेशंटच्या स्टेशनला जोडा, म्हणजे तपासणी एकात, त्याच पेशंटचा ईसीजी पुढच्यात.

टप्पा २: स्टेशन लिहा, आणि पूर्ण लिहा

एका स्टेशनला पाच कागद लागतात: विद्यार्थ्यासाठी सूचना, परीक्षकासाठी सूचना, चेकलिस्ट, पेशंटची स्क्रिप्ट आणि सामानाची यादी. यातला एक जरी राहिला तरी परीक्षेच्या दिवशी नेमकं तिथंच घोळ होतो.

विद्यार्थ्याची सूचना तीन-चार ओळींची, मोठ्या अक्षरात, दाराबाहेर एक आणि आत टेबलावर एक. त्यात काय करायचं, काय नाही करायचं, किती वेळ आणि शेवटी काय सांगायचं एवढंच. 'या रुग्णाची श्वसनसंस्था तपासा' ही सूचना पाच मिनिटांच्या स्टेशनला चालत नाही, कारण पाच मिनिटांत पूर्ण श्वसनसंस्था सरांनाही होणार नाही आणि मग पोरं घाईघाईत सगळं अर्धवट करतात. असं लिहा: 'या पेशंटच्या छातीची फक्त मागची बाजू हातानं, ठोकून आणि स्टेथोस्कोपनं तपासा. हिस्ट्री घेऊ नका. एक मिनिट राहिलं की परीक्षक सांगतील, तेव्हा काय सापडलं ते सांगा.'

स्टेशन लिहून झालं की एखाद्या इंटर्नला बोलवा आणि घड्याळ लावून करायला लावा. लिहिणाऱ्यानं स्वतः करून बघणं उपयोगाचं नाही, त्याला उत्तर माहिती असतं. इंटर्नला पाच मिनिटं पुरली नाहीत तर काम कमी करा.

वेळेचा एक खास घोटाळा सांगून ठेवतो. सर्पदंशाच्या स्टेशनमध्ये २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी लई जण घालतात. ही चाचणी म्हणजे शिरेतलं साधारण दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग एकदा तिरपी करून बघायचं. पाच मिनिटांत हे बसणारच नाही. मग परीक्षक 'सांग बरं काय करशील' असं विचारतो आणि स्टेशनची व्हायवा (तोंडी परीक्षा) होऊन जाते. त्यापेक्षा टेबलावर तीन-चार ट्यूब ठेवा: एक प्लॅस्टिकची, एक काचेची पण ओली, एक साबणानं धुतलेली म्हणून चिठ्ठी लावलेली, एक स्वच्छ कोरडी काचेची. विद्यार्थ्यानं योग्य ट्यूब उचलायची, ट्रेनिंग आर्मवरून (सरावाच्या नकली हातावरून) लाल पाणी काढून त्यात घालायचं, ट्यूबवर वेळ लिहायची आणि 'पेशंटच्या नातेवाइकाला' २० मिनिटं ट्यूबला हात लावू नका म्हणून सांगायचं. चुकीच्या ट्यूबनं निकाल चुकीचा येतो, आणि घोणस चावलेल्या माणसाच्या बाबतीत त्या निकालावर पुढचं सगळं अवलंबून असतं, त्यामुळं ट्यूब उचलणं हेच इथलं खरं कौशल्य.

टप्पा ३: चेकलिस्ट

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं जरा वेळ घ्या.

पहिली गोष्ट, प्रत्येक ओळ अशी पाहिजे की दोन परीक्षक शेजारी बसले तर दोघांची खूण एकच पडावी. 'योग्य पद्धतीने कफ बांधला' ही ओळ बाद. योग्य म्हणजे काय ते एकानं एक ठरवलं, दुसऱ्यानं दुसरं. बीपीच्या स्टेशनची चेकलिस्ट मी अशी लिहीन:

१. स्वतःचं नाव सांगून पेशंटला काय करणार ते सांगितलं.
२. चहा, बिडी-तंबाखू नुकतंच घेतलंय का आणि पाच मिनिटं शांत बसलाय का हे विचारलं.
३. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही हे बघून घेतलं.
४. बाही वर केली किंवा काढायला लावली, कपड्यावरून कफ बांधला नाही.
५. कफची साइज दंडाला बसते का बघितली, आतला रबरी फुगा दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के भागाला वेढतो.
६. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर.
७. दंड हृदयाच्या पातळीवर, हाताला आधार.
८. आधी नाडीवर बोट ठेवून नाडी कुठं बंद होते ते बघितलं.
९. त्याच्या ३० मिलिमीटर वर फुगवून स्टेथोस्कोप लावला.
१०. सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या वेगानं हवा सोडली.
११. वरचं-खालचं रीडिंग परीक्षकाच्या रीडिंगशी जुळलं.
१२. पेशंटला त्याचं बीपी त्याला कळेल अशा शब्दांत सांगितलं.

अकरावी ओळ तपासायला दोन जणांना एकाच वेळी ऐकता येईल असा टीचिंग स्टेथोस्कोप लागतो. तो नसेल तर फिजिऑलॉजीवाल्यांकडं विचारा, नाहीतर परीक्षकानं दर तीन-चार विद्यार्थ्यांनंतर स्वतः बीपी मोजून लिहून ठेवायचं. किती फरक चालेल ते आधीच ठरवा, समजा चार मिलिमीटर, आणि ते परीक्षकाच्या कागदावर छापा.

दुसरी गोष्ट, सगळ्या ओळींना एकच मार्क देऊ नका. आठवी ओळ सोडली तर ऑस्कल्टेटरी गॅपमध्ये (मध्येच आवाज गायब होतात त्या टप्प्यात) अडकून बीपी कमी मोजलं जाऊ शकतं, म्हणून तिला दोन मार्क. नाव सांगितलं नाही तर अर्धा गेला तरी चालेल.

तिसरी, ओळी वाढवत नेऊ नका. पाच मिनिटांत परीक्षक पंधराच्या वर ओळी बघून खुणा करू शकत नाही, तो कागदात डोकं घालून बसतो आणि विद्यार्थ्याकडं बघायचं राहूनच जातं.

चौथी आणि सगळ्यात दुर्लक्षित: चेकलिस्टच्या खाली एक पूर्ण अंदाजाची खूण ठेवा. १ नापास, २ काठावर, ३ पास, ४ चांगला, ५ उत्तम. परीक्षकानं मार्कांची बेरीज न करता, पूर्ण काम बघून ही खूण करायची. पाठांतर करून आलेला विद्यार्थी सगळ्या ओळी यंत्रासारख्या उरकतो पण पेशंटच्या तोंडाकडं एकदाही बघत नाही, त्याला चेकलिस्ट भरपूर मार्क देते. हा फरक खालच्या खुणेतच पकडला जातो. आणि हीच खूण पुढं पासची रेघ ठरवायला लागते, त्यामुळं 'वेळ नव्हता म्हणून नाही केली' हे चालवून घेऊ नका.

इशारा: 'विद्यार्थ्याने सांगितले' या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी मोजा. समजावण्याचं स्टेशन सोडून बाकी कुठं अशा ओळी अर्ध्याच्या वर असतील तर ते स्टेशन व्हायवा आहे, परत लिहा.

सीपीआरसाठी एक सोपी खूण. दाब मिनिटाला १०० ते १२० पाहिजे, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, आणि ३० दाबांनंतर दोन श्वास. परीक्षकाला दर मोजत बसायची गरज नाही: ३० दाबांना १५ ते १८ सेकंद लागले तर वेग बरोबर. स्टॉपवॉच घेऊन एवढंच बघा आणि डोळे छाती पूर्ण वर येऊ देतोय का तिकडं ठेवा.

टप्पा ४: पेशंट कुठून आणायचा

खरा पेशंट हवा तो शारीरिक खुणा सापडायच्या स्टेशनला: हृदयातली मरमर (जास्तीचा आवाज), पोटातलं पाणी, मोठी प्लीहा. त्याची तब्येत स्थिर पाहिजे, त्याला आणि नातेवाइकाला काय होणार ते आधी नीट सांगून परवानगी घेतलेली पाहिजे, आणि 'नको' म्हणाला तर विषय संपला. एका माणसाचं पोट एका सकाळी बारा पोरांनी दाबायचं म्हणजे त्याचं काय होत असेल बघा. म्हणून अशा स्टेशनला दोन पेशंट ठेवा आणि आलटूनपालटून बसवा. पाणी, चहा, नाश्ता, पंखा. एप्रिल-मे मधली परीक्षा असेल तर कूलर त्यांच्या बाजूला लावा, परीक्षकांच्या नाही. उपाशी ठेवलेला, ऑपरेशनला जाणार असलेला पेशंट अजिबात आणू नका.

हिस्ट्री आणि समजावण्याच्या स्टेशनला मात्र तयार केलेला पेशंटच चांगला. इंटर्न, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, वॉर्डातले मामा-मावशी, रिटायर झालेला स्टाफ, कुणीही चालतं, फक्त विद्यार्थ्यांच्या रोजच्या ओळखीचं माणूस नको. वॉर्डातल्या मावशी हे काम फार छान करतात, रोज पेशंट बघून बघून त्यांना बोलणं पाठ असतं.

स्क्रिप्ट आपल्या पेशंटच्या बोलीत लिहा. उदाहरणार्थ पन्नाशीचा शेतकरी:

पहिलं वाक्य, आपण होऊन सांगायचं: 'दम लागायलाय साहेब, महिना झाला.'
'अजून काय होतंय' असं मोकळं विचारलं तर: 'आधी शेतात चालत जायचो, आता दोन पायऱ्या चढल्या की छाती भरून यायली.'
झोपेचं विचारलं तरच: 'दोन उश्या घेतो, आडवं पडलं की जीव घाबरतो.'
पायाचं विचारलं तरच: 'संध्याकाळी पाय सुजायलेत.'
बिडीचं विचारलं तरच: 'हो, दिवसाला एक बंडल, लई वर्षं झाली.'
विद्यार्थ्यानं सलग तीन प्रश्न एका दमात विचारले तर: फक्त शेवटच्याचं उत्तर द्यायचं.

'विचारलं तरच' हे शब्द लाल पेनानं अधोरेखित करा. पेशंट बनलेल्या माणसाला विद्यार्थ्याची दया येते आणि पाचव्या-सहाव्या पोरापासून तो आपण होऊन सगळं सांगायला लागतो. मग पहिल्या पाच जणांवर अन्याय.

भाषेबद्दल दरवर्षी वाद होतो. ऑल इंडिया कोट्यातून आलेली मुलं म्हणतात 'दम लागायलाय' आम्हाला कळत नाही, पेशंट हिंदीत बोलू द्या. माझं मत स्पष्ट आहे, स्क्रिप्ट बदलू नका. पहिल्या वर्षीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा शिकवायची असते ती यासाठीच, आणि परीक्षेनंतर दुसऱ्या दिवशी वॉर्डात तोच पेशंट तसाच बोलणार आहे. पण मग न्यायही करा: पोस्टिंगच्या सुरुवातीलाच सांगा की एक स्टेशन मराठीत असेल, पोटात कळा, चकरा, हातापायाला मुंग्या, लघवीला जळजळ अशा शब्दांची यादी द्या, आणि तोडकंमोडकं मराठी बोलल्याचे मार्क कापू नका. पेशंटला कळलं का, एवढंच बघा. आपल्याकडं दखनी आणि बंजारा बोलणारे पेशंटही भरपूर असतात, तेव्हा मराठी मुलांनाही एखाद्या स्टेशनला नातेवाइकामार्फत हिस्ट्री घ्यायला लावली तर त्यांचंही भलं होईल.

स्तन तपासणी, योनीमार्गाची किंवा गुदद्वाराची तपासणी यासाठी मॉडेलच वापरा. माणूस वापरायचा नाही, परवानगी मिळाली तरी.

टप्पा ५: गणित, जागा, सामान

दहा कामाची स्टेशन आणि दोन विश्रांतीची धरा. पाच मिनिटं काम, एक मिनिट बदलायला. बारा स्टेशन गुणिले सहा मिनिटं म्हणजे ७२ मिनिटांत बारा विद्यार्थी मोकळे. दीडशेची पूर्ण बॅच एकाच चक्रात घ्यायला गेलात तर १३ फेऱ्या, म्हणजे साडेपंधरा तास. हे गणित न करता नोटीस लावली की संध्याकाळी सातला परीक्षक खुर्चीत पेंगत असतात आणि शेवटच्या पोरांना कुणी बघत नाही.

यावर माझा उपाय, पोस्टिंग संपताना छोट्या तुकडीची घ्या. चोवीसची तुकडी, दोन फेऱ्या, मध्ये १५ मिनिटं चहा, पावणेतीन तासांच्या आत सगळं आटोपतं. स्टाफ कमी असेल तर सहा कामाची स्टेशन आणि दोन विश्रांतीची करा, पण मग वर्षातून जास्त वेळा घ्या, कारण सहा स्टेशनांवरून एखाद्याला नापास ठरवायला पुरावा कमी पडतो. दोन डिपार्टमेंट एकत्र आली, मेडिसिन आणि पीडियाट्रिक्स म्हणा, तर परीक्षकांचा प्रश्न बराच सुटतो.

दुसऱ्या फेरीची पोरं पहिल्या फेरीच्या पोरांना भेटता कामा नयेत. मोबाईल जमा करून लेक्चर हॉलमध्ये बसवा आणि चहाच्या वेळी दोन्ही गट वेगळ्या दारानं न्या.

जागा म्हणजे ओपीडी संपल्यावरच्या खोल्या सगळ्यात सोयीच्या. नातेवाइकांच्या भेटीच्या वेळेत वॉर्डात घेऊ नका. जमिनीवर खडूनं बाण आणि मोठे नंबर काढा. घंटा सगळ्या खोल्यांत ऐकू जाते का ते दारं बंद करून तपासा. लाईट गेली तर काय, याचं उत्तर आदल्या दिवशीच पाहिजे: इन्व्हर्टरवर कुठल्या खोल्या आहेत, आणि एक्स-रे व्ह्यू बॉक्स चालला नाही तर छापील कॉपी आहे का.

सामान विद्यार्थ्यांच्या संख्येएवढं अधिक थोडं शिल्लक. इंजेक्शनच्या स्टेशनला सुईसाठी पांढरा, न टोचणारा डबा आणि सिरिंज-ग्लोव्हजसाठी लाल पिशवी ठेवलीच पाहिजे. ती नसेल तर सुईला परत टोपण घालू नये हे शिकवायचं कसं आणि तपासायचं कसं?

टप्पा ६: परीक्षकांना बसवून घ्या

हा टप्पा सगळेच गाळतात, 'सीनियर लोकांना काय शिकवायचं' म्हणून. पण एक सर कडक, एक मॅडम मायाळू, एक जण विद्यार्थ्याला ओळखतो म्हणून मनानं आधीच मार्क देऊन बसलेला, हे प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये असतं.

अर्धा तास पुरतो. एखाद्या इंटर्नला मुद्दाम दोन-तीन चुका करायला लावून बीपी मोजतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. सगळ्या परीक्षकांना दाखवा, प्रत्येकानं एकमेकांशी न बोलता चेकलिस्ट भरायची, मग कागद शेजारी ठेवून बघा. ज्या ओळीवर खुणा वेगळ्या पडल्या ती ओळ बहुतेक वेळा नीट लिहिलेली नसते. तिथंच दुरुस्त करा.

परीक्षकांसाठी नियम थोडेच:

गप्प बसायचं. 'अरे बाबा, काहीतरी राहिलं बघ' हे एक वाक्य म्हणजे एका पोराला फुकट मार्क. मान हलवणं, भुवया उंचावणं यातही पोरं उत्तर शोधतात.
शिकवायचं नाही, त्याची वेळ नंतर आहे.
खूण काम चालू असतानाच करायची, घंटा झाल्यावर आठवून नाही.
कागदावर नाव नाही, फक्त रोल नंबर.
एका स्टेशनला सकाळपासून शेवटपर्यंत तोच परीक्षक.

एचओडींना किंवा बाहेरून आलेल्या ज्येष्ठांना 'सर, प्रश्न विचारू नका' असं तोंडावर सांगणं आपल्याकडं अवघड जातं. हे नियम छापा, खाली एचओडींची सही घ्या आणि प्रत्येक टेबलावर ठेवा. मग कुणाला काही बोलावं लागत नाही.

हात धुणं, इंजेक्शन, कॅथेटर अशा स्टेशनला सिस्टर इनचार्जना परीक्षक करा. त्यांची नजर आपल्यापेक्षा पक्की असते, आणि मनुष्यबळाचा प्रश्नही हलका होतो. साबणानं हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागले पाहिजेत, हे त्या घड्याळ न बघता सांगतात.

टप्पा ७: परीक्षेचा दिवस

आदल्या संध्याकाळी एक रिकामी फेरी चालवा: इंटर्न आत, घंटा चालू, सगळी दारं बंद. सकाळी या क्रमानं: सामान तपासा, पेशंट बसवा आणि चहा द्या, परीक्षक जागेवर, शेवटी विद्यार्थी. विद्यार्थ्यांना सगळ्यांना एकत्र सांगा: कुठून सुरू, घंटा कशी, विश्रांतीचं स्टेशन कुठलं, काम आधी संपलं तर तिथंच थांबायचं. एक माणूस फक्त घड्याळासाठी, त्याला दुसरं काम नको. एक माणूस फक्त फिरायला, त्याच्या खिशात जास्तीचे ग्लोव्हज, पेन, स्टेथोस्कोप.

पेशंटला त्रास व्हायला लागला तर फेरी थांबवा, स्टेशन बंद करा आणि त्या स्टेशनचे मार्क सगळ्यांचेच काढून टाका. अंदाजानं मार्क देऊन भरपाई करायची नाही. विद्यार्थी पेशंटला इजा होईल असं काही करायला लागला तर परीक्षकानं गप्प बसायचा नियम मोडून लगेच थांबवायचं.

तपासून बघा: पहिल्या फेरीनंतरच्या चहात प्रत्येक टेबलावर जाऊन कागद बघा. पूर्ण अंदाजाची खूण राहिलेली असते, रोल नंबर एकानं सरकलेले असतात. तेव्हाच सापडलं तर दुरुस्त होतं.

टप्पा ८: पासची रेघ

युनिव्हर्सिटीच्या आणि इंटर्नल असेसमेंटच्या मार्कांचे नियम ठरलेले आहेत ते पाळायचेच. पण हा विद्यार्थी बीपी मोजू शकतो की नाही हे ठरवायला सरसकट पन्नास टक्के उपयोगाचे नाहीत, कारण सोप्या स्टेशनला पन्नास कुणालाही पडतात आणि अवघड स्टेशनला चांगल्या पोरांनाही पडत नाहीत.

इथं चेकलिस्टखालची खूण कामाला येते. एक्सेलमध्ये एका रकान्यात १ ते ५ ची खूण, शेजारी चेकलिस्टचे मार्क. ट्रेंडलाइन काढा आणि '२ काठावर' या जागी रेषा किती मार्क दाखवते ते बघा. समजा २० पैकी ११ आले, तर त्या स्टेशनची पासची रेघ ११. पेशंटला समजावण्याच्या स्टेशनला तीच १३ येऊ शकते. असं प्रत्येक स्टेशनचं वेगळं काढायचं. तुकडी चोवीसची असेल तर रेघ जरा हलती राहते, म्हणून तेच स्टेशन दोन-तीन तुकड्यांना वापरून मार्क एकत्र करून बघितलेलं बरं.

याच आलेखात स्टेशनची तब्येतही दिसते. खूण ४-५ मिळालेल्या पोरांना चेकलिस्टचे मार्क कमी असतील तर दोष पोरांचा नाही, चेकलिस्ट बिनकामाच्या ओळींनी भरलेली आहे.

आणि फक्त एकूण बेरजेवर जाऊ नका. ईसीजी आणि एक्स-रेला भरपूर मार्क घेऊन सीपीआर आणि इंजेक्शनमध्ये साफ पडलेला विद्यार्थी बेरजेत पास होतो. निम्म्यापेक्षा जास्त स्टेशन पास पाहिजेत, आणि जीव वाचवण्याची जी एक-दोन आहेत ती तर पाहिजेतच, असा नियम पोस्टिंगच्या सुरुवातीलाच जाहीर करा. निकाल लागल्यावर काढलेला नियम कुणी मानत नाही.

टप्पा ९: त्याच दिवशी सांगा, आणि परत करायला लावा

मार्कांची यादी बोर्डावर लावली की झालं असं समजू नका. शेवटची फेरी संपल्यावर अर्धा तास सगळ्यांना थांबवा, प्रत्येक परीक्षकानं आपल्या स्टेशनला सगळ्यात जास्त कुठं चुकलं ते दोन मिनिटांत करून दाखवायचं. ओआरएसच्या स्टेशनला हमखास सापडणारी चूक म्हणजे पोरं आईला सांगतात 'पुडी पाण्यात टाका', किती पाण्यात ते सांगत नाहीत. पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, २४ तासांनी उरलेलं फेकायचं, आणि शेवटी आईलाच विचारायचं, 'ताई, आता तुम्ही कसं करणार ते मला सांगा बरं.' हे शेवटचं वाक्य फार थोडी पोरं म्हणतात. तिथंच दोन-चार जणांना उठवून म्हणायला लावा.

जे पडले त्यांची यादी स्टेशननिहाय करा. त्यांना परत पूर्ण ऑस्कीला बसवायची गरज नाही. दोन आठवडे वॉर्डात खऱ्या पेशंटवर ते काम एखाद्या रेसिडेंटच्या समोर करायचं, रेसिडेंटनं पूर्ण वेळ उभं राहून बघायचं, लॉगबुकात काय चुकलं काय सुधारलं ते एका ओळीत लिहून सही करायची, आणि मग त्याच चेकलिस्टवर तेवढंच स्टेशन परत घ्यायचं. न बघता केलेली सही सापडली तर ती खोडा, रेसिडेंटला बोलवा आणि विद्यार्थ्याला तुमच्यासमोर करायला लावा.

स्टेशनचे पाचही कागद, आलेख आणि परीक्षकांच्या तक्रारी एका फाईलमध्ये ठेवा. पुढच्या तुकडीला तेच स्टेशन वापरताना पेशंटचं वय आणि तक्रार बदला, चेकलिस्टची खराब ठरलेली ओळ काढा, आणि नवीन इंटर्नकडून घड्याळ लावून परत एकदा करून घ्या.